चाड्यामागं

"टीं... टीं... टीं..." करत ते यंत्र भर रानात उभं राहिलं, आणि खरं सांगते, मला आधी हसूच आलं.

मी बांधावर लिंबाखाली बसले होते. शेजारी भाकरीची पाटी, पाण्याची घागर, आणि करायला काम म्हणाल तर माश्या हाकलायचं. रानात ट्रॅक्टरवर आमचे मालक बसलेले, मागं जोडलेलं ते कोरं करकरीत पेरणीयंत्र, आणि त्यांच्या पुढ्यात छोट्या टीव्हीसारखा एक पडदा. यंत्रातून बी कसं पडतंय ते त्या पडद्यावर दिसायचं. सकाळपासून हिरव्या रेघा पळत होत्या. आता सगळ्या लाल झाल्या होत्या.

"काय झालं वो?" मी बसल्या जागेवरून ओरडले.

"बी संपलं म्हनतंय."

"संपलं? आत्ता तर भरलं की पेट्यांत!"

मालक खाली उतरले. एकेका पेटीचं झाकण उघडून आत हात घातला. जोंधळा काठोकाठ होता. मूठभर बाहेर काढून त्यांनी त्या पडद्यासमोर धरला, जसं काय त्याला दाखवत होते.

"हाय की गच्च," ते म्हणाले.

"मग सांगा त्याला तसं. शिकलेलं यंत्र हाय, ऐकंल."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, परत चालू केला, चार पावलं पुढं घेतला. टीं टीं टीं. बी नाही असं यंत्राला वाटलं की ते आपलं आपण बी सोडायचं बंद करतं, म्हणे. फुकट रिकामे फाळ ओढायला नकोत म्हणून ही सोय. सोय भारीच, पण आता बी असून पेरता येईना.

हसू माझ्या तोंडावरून गेलं ते आभाळाकडं बघितल्यावर. मंगळवेढ्याकडचं आमचं काळं रान. हस्ताचा पाऊस औंदा उशिरा आला, एकदाच आला, आणि कसाबसा वापसा झाला. म्हणजे चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, बी टाकावं अशी ओल. वरून ऑक्टोबरचं ऊन असं तापत होतं की आज हातात माती घेतली तर गोळा होत होता, परवा घेतली तर धूळ उडणार. वरचं अर्धं रान पेरून झालं होतं. खालचं अर्धं तसंच तोंड वासून पडलं होतं. ते आता पेरलं नाही, तर वर्षाची ज्वारी गेली, आणि कडबाही गेला.

मालकांनी कंपनीला फोन लावला. त्यातली बाई आधी मराठीसाठी दोन दाबा म्हणाली, मग तुमचा फोन आमच्यासाठी लई मोलाचा आहे म्हणाली, मग गाणं लावून कुठं गेली कुणास ठाऊक. मालक फोन कानाला लावून उन्हात उभे. शेवटी एक माणूस बोलला. सगळीकडं पेरण्या चालल्यात, म्हणाला, माणूस परवा येईल. तोवर काही खोलू नका.

"परवा," मालक माझ्याकडं बघून म्हणाले.

"परवा काय उकरायचं हितं?" मी म्हणाले.

तर हे यंत्र आमच्या घरी कसं आलं, ते सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

माझं लग्न झालं तेव्हा घर खच्चून भरलेलं. सासू-सासरे, चुलत सासरे, नणंदा, दीर, पोरं. नवऱ्याशी चार माणसांत बोलायची पद्धतच नव्हती. बोलणार कुठं? स्वयंपाकघरात सासू, सोप्यात सासरे. पण पेरणी आली की मालकांनी तिफण धरायची आणि मी मागं चाड्यावर चालायचं. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी नरसाळं. त्यात मुठीनं बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून खाली तीन तासांत, म्हणजे फाळांनी मारलेल्या तीन रेघांत, पडतं. मूठ अशी ढिली धरायची की बी ना दाट पडावं, ना विरळ. पुढं बैल, मग मालक, मग मी. सासरे बांधावर बसून नजर ठेवून. सुनेनं नवऱ्याशी बोललेलं त्यांना खपायचं नाही, पण माणूस बैलांशी बोलला तर त्याला कोण काय म्हणणार?

पहिल्याच पेरणीला मालक बैलाला म्हणाले, "काय रं हरण्या, घरातलं नवीन मानूस जेवत न्हाई म्हनं नीट? भाकरी आवडत न्हाई का म्हायेरची आठवन येती?"

मला आधी कळलंच नाही. हरण्या कशाला भाकरी खातोय! मग एकदम डोक्यात उजेड पडला. मी पदर तोंडाला लावून हळूच म्हणाले, "हरण्याला म्हणावं, भाकरी आवडते. सासूबाई मोजत बसतात म्हणून घास उतरत नाही."

हरण्यानं शेपूट हलवलं. दुसऱ्या दिवशी मालक जेवताना आईला म्हणाले, हिला माज्यासंगं वाढत जा. झालं माझं जेवण सुरू.

असा आमचा संसार तिफणीमागं झाला बघा. लेक कांचन पोटात आहे हे मी त्यांना चाड्यावरनंच सांगितलं. तेव्हा तिफण एवढी वाकडी गेली की सासरे बांधावरून दगड घेऊन उठले. पुढं म्हातारी माणसं गेली, वाटण्या झाल्या, कांचन लग्न होऊन सांगोल्याला गेली, आणि मोठ्या घरात आम्ही दोघंच उरलो. आता बोला की मोकळं! पण हा माणूस घरात मुका. भाजी खारट झाली तरी गपगुमान खाणार. मात्र पेरणी आली, तिफण धरली, की आहेच, "काय रं हरण्या..." हरण्या मरून दुसरा बैल आला, त्याचंही नाव हरण्याच ठेवलं. मी पेरणीची वाट दिवाळीपेक्षा जास्त बघायचे, यात काय लाजायचं?

आणि मग आदल्या साली ते झालं. पेरताना मी जरा खाली बसले, काटा काढायला, आणि मालक बोलण्याच्या नादात तास संपेपर्यंत पुढं निघून गेले. एवढंच. पण बी पडलं नाही ते नाहीच. जोंधळा उगवला तेव्हा तेवढ्या लांब पट्ट्यात नुसती काळी माती. धाकटे दीर अंकुशभाऊजी, शेजारचंच रान त्यांचं, ते बांधावर येऊन दात काढत म्हणाले, "वैनी, मूठ सैल झाली व्हय औंदा? का डोळा लागला चालता चालता?"

मी त्यांना सोडलं नाही, ते सोडा. पण मालक तिथंच उभे होते. त्या काळ्या पट्ट्याकडं बघत राहिले, आणि त्यांचं तोंड असं झालं होतं की मला लाज वाटली.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बैल विकले आणि ट्रॅक्टरसकट हे यंत्र आणलं. मला विचारलंसुद्धा नाही. यंत्र दारात उतरलं तेव्हा म्हणाले, "आता तू बांधावर बसायचं फकस्त." इतकी वर्षं ज्या मुठीवर घर जेवलं, ती मूठ आता नको झाली. एका तासाच्या चुकीपायी! आणि ज्या जागेवर हा माणूस माझ्याशी बोलायचा, ती जागाच त्यानं विकून टाकली.

मीही मग हट्टाला पेटले. दर साली पेरणीआधी मी चाड्याला हळदकुंकू लावायचे आणि पहिली मूठ ओल्या हळदीत घोळून सोडायचे. आमच्या सासूनं शिकवलेलं ते. औंदा मालक म्हणाले, "यंत्राची पूजा करतीस न्हवं?" मी म्हणाले, "त्याला तोंड कुठं हाय ते दावा, मग लावते कुंकू." आणि स्वयंपाकघरात निघून गेले. सकाळी रानात निघताना त्यांची बोटं पिवळी दिसली म्हणून विचारलं, "हाताला काय झालं?" तर म्हणाले, "खरचटलं जरा." मी पुढं विचारलं नाही. एवढी रागात होते.

सकाळभर मी बांधावर बसून बघत होते. यंत्र सरळ रेघ मारत जायचं, वळायचं, परत यायचं. आणि दर फेरीला, वळताना, मालक मान उंचावून माझ्याकडं बघायचे. दर फेरीला! मला वाटायचं, दाखवतायत मला, बघ कसं चालतंय तुझ्यावाचून. मी मुद्दाम तोंड फिरवून बसायचे.

म्हणून ते टीं टीं वाजलं तेव्हा मला हसू आलं. आता आलं ना ध्यानात?

दुपार कलायला लागली. अंकुशभाऊजी आले, त्यांनी पडद्यावर दोनचार टिचक्या मारल्या, मग कान खाजवत म्हणाले, "दादा, ह्यो कॉम्प्युटरचा मामला हाय." जणू आम्हाला माहीतच नव्हतं! पाठोपाठ खालच्या रानातले इमामभाई मुलाणी आले. त्यांची पेरणी आदल्या दिवशीच उरकली होती. साधा, थोडक्यात बोलणारा माणूस.

"दिगंबरभाऊ, माझी बैलं मोकळीच हायती. तुमची तिफण हाय का जाळली?"

"माळ्यावर हाय," मालक म्हणाले.

"मग काढा की. आत्ता धरली तर उद्या सांजच्याला रान उरकतंय."

मालकांचा चेहरा जरा उजळला. मी तोवर उठून पदर खोचलाच होता. तर हे काय म्हणावेत?

"चाड्यावर कोन? तुमची मालकीन येतील का इमामभाई?"

इमामभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मालकांकडं.

"सोजरवैनी असताना आमची कशाला?" ते म्हणाले. "समद्या शिवारात वैनीसारखी मूठ न्हाई."

"न्हाई, ती नको. ती बसू दे हितंच."

चार माणसांत! दिरासमोर! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण मी रडले असते तर मेले असते. मी सरळ गेले, यंत्राच्या पेटीतला जोंधळा ओंजळी ओंजळीनं काढून माझ्या ओटीत भरला, आणि म्हणाले, "तिफण आणा, नायतर हितं बसायची न्हाई मी, मोटारीत बसून सांगोल्याला लेकीकडं जाते. कायमची."

मालक बघतच राहिले. अंकुशभाऊजी म्हणाले, "दादा, आणतो मी तिफण," आणि पळाले.

बैल जुंपले. इमामभाईंचा एक लाल्या आणि एक बाळ्या, दोघंही गरीब. मालकांनी तिफण धरली. मी चाड्याला हात लावून पाया पडले, मूठ आत धरली, आणि निघालो. लाकडाचा तो करकर आवाज, बैलांचे घुंगरू, बी नळीतून सरसरत जातंय ते हाताला कळतंय. राग होता तरी अंगावर काटा आला.

मालक गप्प होते. जाताना गप्प, येताना गप्प. मी मनात म्हणाले, राहा गप्प. बैलसुद्धा परके आहेत, कुणाशी बोलणार? पण एक बघितलं. दर चारदोन पावलांवर ते मान वळवून मागं बघायचे. आधी कधी बघायचे नाहीत. पेरणाऱ्यानं नजर पुढं ठेवायची असते, नाहीतर तास वाकडं जातं. आणि जातही होतं.

"म्होरं बघा," मी म्हणाले. "पडतंय माझं बी नीट. राखण नको."

आणखी एक फेरी झाली. ऊन तिरपं झालं होतं, ढेकळांच्या सावल्या लांब पडायला लागल्या होत्या. आणि मग, पुढं तोंड करून, दबक्या आवाजात:

"काय रं लाल्या. तुमच्यात समदी अशीच मुक्यानं पेरत्यात व्हय?"

तोच जुना सूर होता. पण मी कसली ऐकते!

"लाल्याला म्हणावं, ज्याला आमची मूठ नको झाली, त्यानं बोलू नये."

"मूठ नको, असं कोन म्हनलं?"

"यंत्र कुणी आणलं? बैल कुणी विकले? चार माणसांत 'ती नको' कोण म्हणालं?"

मी बी सोडत होते, ते तिफण रेटत होते. मग म्हणाले, "लाल्या, हिला वाटतंय, यंत्र मुठीपायी आनलं."

"मग कशापायी?"

"गेल्या साली," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा मलाच ओळखू येईना, "ह्याच रानात, मी बोलत निघालो हुतो. कांचनच्या बारशाचं काढलं हुतं. आत्याबाईनं पेढ्यांचा डबा समजून साबनाचा डबा वाटला, ती गोष्ट. मी एकलाच हसत हुतो. तू हसंनास. मला वाटलं, ऐकलेली गोष्ट हाय म्हनून हसंना. धुऱ्याला, बांधापाशी आलो. बैलं वळवली."

ते थांबले नाहीत, चालतच होते.

"चाड्यामागं कुनी न्हाई. समदं रान सपाट. तू दिसंना, सोजर. कुठंच दिसंना. मग लांब ढेकळांत हिरवं लुगडं दिसलं. पडल्यालं."

"बसले होते हो मी. काटा..."

"तुझ्या पायात चप्पल हुती."

होती चप्पल. काटा कुठला, डोळ्यांपुढं एकदम अंधारी आली होती आणि मी पडले होते. ते धापा टाकत पळत आले तेव्हा मी उठून बसले होते आणि तोंडाला आलं ते सांगितलं. पेरणीच्या दिवसात कुठं डॉक्टर न् फिक्टर. मला वाटलं, पटलं ह्यांना.

"एवढं लांब तास," मालक म्हणाले, "मी एकलाच बोलत गेलो. तवापास्नं रातीला दचकून उठतोय. वाटतं, आपन बोलतोय आन् मागं कुनी न्हाई. म्हनून यंत्र आनलं. म्हनलं, तू बांधावर बस. सावलीला. यंत्र वळलं की मला दिसशील. दर फेरीला दिसशील."

मग ते पुढं बघतच म्हणाले, "मागं हायस न्हवं?"

मी सकाळभर तोंड फिरवून बसले होते आणि हा माणूस दर फेरीला मी आहे का बघत होता. कुणी मला सोन्यानं मढवलं असतं तरी एवढं भरून आलं नसतं.

"सोजर?"

"हाय," मी म्हणाले. "हाय की. चला म्होरं."

त्यांनी पाठीमागं हात केला, न वळता. तिफण एका हातानं धरून. मी माझा मोकळा हात त्यात दिला. चारदोन पावलंच, मग बैल बिचकायला लागले म्हणून सोडला. इमामभाई बांधावर होते, त्यांनी शहाण्यासारखं दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं रान काढलं, ओल धरणारी एक सखल, शेवटची पट्टी तेवढी उरली. अधूनमधून मालक मला सावलीत बसवायचे, पाणी पाजायचे, मग परत धरायचो. लाल्याशी ते एवढं बोलले की इमामभाई म्हणाले, "दिगंबरभाऊ, माझ्या बैलाला आता घरी करमनार न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आला. बोलायला गोड, हातात बॅटरी आणि खांद्याला पिशवी. त्यानं यंत्राच्या नळ्या खोलल्या, आत बॅटरी मारली, बोट घातलं आणि बाहेर काढून बघितलं. बोट पिवळं धम्मक.

"तात्या," तो म्हणाला, "प्रत्येक नळीत एक डोळा असतो. बी खाली पडताना त्याला दिसतं. या सगळ्या डोळ्यांवर ओली हळद बसलीय, वर मातीचा थर. बी पडत होतं, पण याला दिसत नव्हतं. हळद कुणी घातली यात?"

त्यानं माझ्याकडंच बघितलं. बायामाणसाचंच काम असणार, नाही का! मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझी नजर मालकांकडं गेली. ते आभाळाकडं बघत होते. पाऊस येतोय का बघत असल्यासारखे, त्या कोरड्या ठक्क आभाळात.

ती पिवळी बोटं मला आठवली. मी पूजा केली नाही म्हणून हा माणूस पहाटे उठून माझा हळदीचा डबा घेऊन यंत्रापाशी गेला होता. त्याला काय कळतंय पूजेतलं? ओल्या हळदीत बी घोळून मूठ मूठ प्रत्येक नळीत घातली असणार. हिची मूठ नाही, निदान हिची हळद तरी असावी म्हणून. आणि वर मला सांगितलं, खरचटलं.

"मीच घातली," मी कंपनीच्या माणसाला म्हणाले. "आमच्यात असतं तसं. पुसा तुम्ही."

त्यानं फडक्यानं डोळे पुसले. पडदा हिरवा झाला. उरलेली पट्टी यंत्रानं एका दमात पेरून दिली, आणि मी बांधावर बसून बघितली. दर फेरीला मालक बघायचे, आणि मी हात वर करायचे. लोकांनी बघितलं तर बघू दे.

पेरणी संपल्याबरोबर त्यांनी मला मंगळवेढ्याला डॉक्टरकडं नेलं. बीपी निघालं. गोळी चालू झाली ती आजवर चालू आहे.

जोंधळा उगवला. यंत्राचा भाग फुटपट्टीनं आखल्यासारखा, खोटं कशाला बोलू? तिफणीचा भाग जरा वाकडातिकडा. आणि त्यात एका जागी तिन्ही तासांत नुसतीच माती. पुरुषभर लांबीची. माझी मूठ नेमकी तिथं थांबली होती, आणि मला कळलंही नव्हतं.

अंकुशभाऊजी आलेच. "वैनी, औंदा बी? दादा, नांग्या तरी भरून घ्या. तांब्याभर पानी घातलं की उगवतंय."

"ऱ्हाऊ दे तेवढं," मालक म्हणाले.

"आरं, रिकामी जागा कशाला ठिवायची?"

"ती मूठ तिनं न्हाई थांबवली. मी थांबवली. ऱ्हाऊ दे."

अंकुशभाऊजींना काही कळलं नाही. सुगीपर्यंत मालक रानात आले की त्या जागेपाशी जरा उभे राहायचे, आणि मग माझ्याकडं बघून हसायचे. माणूस घरातही बोलायला लागला. आता तर एवढा बोलतो की कधीकधी वाटतं, तो मुका होता तेच बरं होतं.

याला बरीच वर्षं झाली. यंत्र आहे अजून, त्याचा पडदा दोनदा बदलला. आता ते अंकुशभाऊजींचा थोरला चालवतो. हळद मी बाहेरून लावते, लोखंडाला. मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गुडघे धरतात. तरी पेरणी झाली, जोंधळा वीतभर वर आला, की आम्ही दोघं रान बघायला जातोच. बांध अरुंद. मालकांना हल्ली वाट नीट दिसत नाही, म्हणून मी पुढं आणि ते मागं, काठी टेकत.

परवा असंच चाललो होतो. मी बोलत होते. कांचनच्या लेकीचं लग्न ठरतंय, त्याचं सांगत होते. कुणाला बोलवायचं, आत्याबाईंची सून कशी रुसून बसेल. बरंच बोलले. मग ध्यानात आलं, काठीचा आवाज येईना.

मी वळले नाही. पाय जागीच थांबले, पण मान वळेना माझी. जन्मात पहिल्यांदा कळलं, त्या साली हा माणूस कसलं तास चालून आला होता.

"काय रं लाल्या," मी पुढं बघून म्हणाले, "मागचं मानूस लई गप हाय?"

काही नाही. वारा होता नुसता.

"अवो. हायसा न्हवं?"

वेळ गेला. मग लांबून, जरा दमलेला आवाज आला.

"हाय की. काटा काढत हुतो."

मी वळून बघितलं. ते बांधावर खाली बसले होते, एक हात काठीवर. पायात चप्पल होती.

मी परत आले, त्यांना हाताला धरून उठवलं. बांधावर दोघं शेजारी मावत नाहीत, म्हणून आम्ही खाली रानात उतरलो आणि हात धरून पेरलेल्यातनंच घराकडं निघालो. दोन तासं तुडवली गेली. थोरला बोंब मारेल, मारू दे.